उजव्या मनगटावरच्या तीन फिती

“डोक्यावर काय?” आबांनी विचारलं.

“खाकी फेटा.”

“खाकी दिसतोय तुला फोटोत?”

मी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. “नाही. करडा दिसतोय.”

“मग करडा सांग. खाकी का काळा ते मी ठरवतो.”

चावडीत बसलेली माणसं हसली. मी खाली बघितलं. १९६५ सालचा डिसेंबर होता, मी बारा वर्षांची होते, सातवीत. आणि सगळ्या नांदखिंडीनं एका कामासाठी माझे डोळे उसने घेतले होते.

आबा म्हणजे माझे आजोबा, सुभेदार केरबा भोईटे. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती. ऊन आणि सावली, एवढंच त्यांना कळायचं. पण सैनिकाचा जुना फोटो वाचावा तर आबांनीच, असं गाव म्हणायचं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. मी फोटो बघून सांगायचं, त्यावरून आबांनी पलटण, हुद्दा, साल सांगायचं आणि शाळेतल्या कदम गुरुजींनी ते वहीत उतरवायचं.

सप्टेंबरात लढाई थांबली होती. आमच्या गावातली चौतीस माणसं तेव्हा सीमेवर होती, त्यांत माझे वडीलही होते. दोघं परत येणार नव्हते हे कळलं होतं. बाकीच्यांच्या घरी पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की हातातलं काम थांबायचं. गावानं ठरवलं की पहिल्या महायुद्धापासून जो जो लढाईला गेला त्याचं नाव दगडावर कोरायचं आणि सव्वीस जानेवारीला तो दगड शाळेपुढं उभा करायचा. नियम एकच. सरकारी कागद दाखवा, नाहीतर गणवेशातला फोटो दाखवा, आणि फोटोवर सुभेदारांचा शब्द घ्या. कागद बहुतेकांचे वाळवीनं खाल्ले होते. त्यामुळं रोज सकाळी चावडीत फोटो येत होते.

हातातला फोटो भिकोबा पवारांच्या वडलांचा होता.

“कोट?” आबांनी विचारलं.

“मोठा आहे. बाह्यांतून फक्त बोटं दिसतात.”

“हातात?”

“तलवार.”

“शिपायाच्या हातात तलवार. बरं. पायांत?”

मी जरा थांबले, कारण भिकोबा समोरच बसले होते. “काही नाही. अनवाणी आहेत.”

“भिकोबा,” आबा शांतपणे म्हणाले, “कोट फोटोवाल्याचा आहे. पाय तेवढे तुझ्या बापाचे.”

चावडी पुन्हा हसली, पण भिकोबांचा चेहरा काळवंडला. त्या काळी साताऱ्याला फोटोवाल्याकडं असले कोट टांगलेले असायचे, जत्रेला आलेला माणूस हौसेनं अंगात घालायचा. कोट एकाच मापाचा, बूट मात्र कुणाला बसायचे नाहीत. म्हणून आबा पाय कधी सोडत नसत.

हे सगळं त्यांनी मला तीन वर्षं शिकवलं होतं. शिकवायला आमच्या घरात एकच फोटो होता, त्यांचा स्वतःचा, पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला काढलेला. तो मांडीवर घेऊन मी बसायचे आणि आबा शेजारी बसून ऐकायचे. वरून खाली जायचं. आधी डोकं, मग खांदा, छाती, बाह्या, पट्टा, पाय. उजवं म्हणजे फोटोतल्या माणसाचं उजवं, आपलं नव्हे. दंडावरची फीत हुद्द्याची, तिचं टोक खाली. उजव्या मनगटाच्या वर घराच्या छपरासारख्या बारीक फिती असल्या, टोक वर केलेल्या, तर त्या समुद्रापार काढलेल्या दिवसांच्या. पहिली तिकडं गेल्याची, पुढं वर्षाला एक. त्या निघाल्याच मुळी लढाईच्या शेवटच्या वर्षी. ज्याच्या बाहीवर तीन, तो तोवर दोन वर्षांहून जास्त तिकडं राहिलेला. आबांच्या बाहीवर तीन होत्या. त्यांच्यामागं रंगवलेला पडदा होता, त्यावर नदी, नदीत बिनशिडाची होडी, आणि शेजारी एक खुर्ची, जिचा डावा हात मोडलेला.

“दिसतं ते सांगायचं, वाटतं ते नाही,” हे ते रोज म्हणत. एकदाच मी फोटोच्या अगदी कडेला बोट ठेवून विचारलं होतं की हे बुटाचं टोक कुणाचं? कडेला खरंच एक बूट आत आलेला दिसत होता, बाकीचा माणूस फोटोबाहेर.

“फोटोवाल्याचं असेल,” आबा म्हणाले होते. “पुढं चल.”

भिकोबांचा फोटो परत गेला. गुरुजींनी वही मिटली. उठताना आबांनी नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला.

“शेडग्यांकडनं कुणी आलं होतं?”

“नाही,” गुरुजी म्हणाले.

गेले पंधरा दिवस ते रोज हेच विचारत होते. विचारताना त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची आणि ‘नाही’ ऐकलं की सैल पडायची. मला वाटायचं, पळपुट्याच्या घरच्यांनी चावडीची पायरी चढू नये अशी आबांची इच्छा असेल. गावात सगळ्यांचीच होती.

शेडग्यांचं घर ओढ्यापलीकडं होतं. सारजाआजी, तिचा मुलगा, सून आणि विमल. विमल माझ्याच वर्गात होती. सारजाआजीचा नवरा गेनू शेडगे आणि आमचे आबा एकाच दिवशी घरातून पळून भरती झालेले. सारजाआजी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, पोटात मूल. आबा लढाई संपल्यावर परत आले. गेनू आला नाही. आबांनी गावाला सांगितलं होतं की मुंबईच्या गोदीत, बोटीवर चढायच्या आधीच तो निसटला. त्याच्या घरी सरकारचा कागद कधी आला नाही, पेन्शनही नाही, त्यामुळं कुणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. तेव्हापासून ते पळपुट्याचं घर झालं. सारजाआजी कपाळभर कुंकू लावायची. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, कुणासाठी लावते गं सारजे, तो तिकडं दुसरा संसार मांडून बसला असंल. ती घागर भरायची आणि जायची. शाळेत आम्ही विमलला धावण्याच्या शर्यतीत घेत नसू. तुझ्या घरचे आधीच फार पळतात, असं म्हणायचो. मीही म्हटलंय.

त्याच विमलनं दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला पिंपळाखाली गाठलं. इकडंतिकडं बघून तिनं सांगितलं की तिच्या आजीकडं आज्याचा फोटो आहे. सैनिकाच्या कपड्यातला. लढाई संपल्यावर वाई बाजूचा कुणी शिपाई येऊन देऊन गेला होता. गेनूनं पोचवायला दिलेला तो हातोहात त्याच्याकडं आला होता, कुठून ते किंवा पुढचं त्याला काही ठाऊक नव्हतं. आजीनं तो खणात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला होता आणि आजवर कुणाला दाखवला नव्हता. दाखवला असता तर कोट भाड्याचा म्हणाले असते.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता आजी म्हनती, भाड्याचा कोट सुभेदारास्नी डोळं नसताना वळखू येतो. मग खरा बी वळखू येईल की.” विमलनं माझा हात धरला. “तू नीट सांगशील न्हवं?”

मी हो म्हणाले.

घरी आल्यावर आबा ओट्यावर उन्हात बसले होते. मला वाटलं, ऐकून त्यांना बरं वाटेल. मी सगळं सांगितलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“बाह्या दिसतात का त्यात?”

“मी बघितला नाही फोटो.”

“मनगटापर्यंत हात दिसतात का, विमल काही म्हणाली?”

“नाही.”

“आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही.”

त्यांच्या ओठांवर घाम आलेला मी बघितला. डिसेंबरातलं ऊन होतं ते, त्यात घाम येत नाही. मी आबांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. सप्टेंबरात विमानांच्या बातम्या रेडिओवर यायच्या तेव्हा आई देवापुढं बसायची, आणि आबा मला जोडे पुसायला लावायचे. तो माणूस एका फोटोला भीत होता. का, ते मला कळत नव्हतं, आणि कळत नव्हतं म्हणूनच मलाही भीती वाटायला लागली. त्यांचा पहिला प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. बाह्या दिसतात का.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी ते उठले नाहीत. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, “फोटो आला, तर बघणार तू आहेस, शालन. मी नाही. तू सांगशील तेच गुरुजी लिहितील.”

एवढंच. आवाज चढवला नाही, हात धरला नाही. पण मी त्याचा एकच अर्थ घेतला.

पुढचे दोन दिवस मी विमलच्या वाटेला गेले नाही. वर्गात तिच्यापासून लांबच्या बाकावर बसले. घरी घास गिळवत नव्हता. आई म्हणाली, हिला दृष्ट लागली, आणि मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. आबा कोपऱ्यातून ऐकत होते. त्यांच्याही ताटात भाकरी तशीच होती. पोस्टमन आला. आई पदराला हात पुसत दारात गेली, आणि मला वाटून गेलं की पत्र वडलांचंच असावं, वाईट बातमीचं नसावं, पण आज ती भीती माझ्या मनात दुसऱ्या नंबरावर होती. या विचाराची मला लाज वाटली. पत्र वडलांचंच होतं, बरे होते. आईनं ते दोनदा वाचायला लावलं. मी वाचलं, आणि वाचताना आबांच्या हातांकडं बघत राहिले.

यादीचा शेवटचा दिवस रविवार होता. चावडी भरली होती. भिकोबा पवारही येऊन बसले होते, काही काम नसताना. अकराच्या सुमारास बायकांच्या बाजूला कुजबूज झाली आणि सारजाआजी पायरी चढून आली. मागं विमल. आजीनं धुवट लुगडं नेसलं होतं, कपाळावर कुंकू रुपयाएवढं. तिनं खण सोडला, आतला फोटो दोन्ही हातांनी आबांपुढं धरला. मग ध्यानात येऊन माझ्यापुढं धरला.

“सुभेदार,” ती म्हणाली, “मी काय मागत न्हाई. कोट खरा का खोटा, एवढं सांगा.”

आबांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्याच्या बोटांनी हाड पकडलं.

“डोक्यावर?”

“फेटा. करडा.”

“खांद्यावर?”

“पितळी अक्षरं. उजेड पडल्यानं वाचता येत नाहीत.”

“छाती?”

“बटणं गळ्यापर्यंत. सगळी एकसारखी. कोट अंगाबरोबर बसलाय.”

“पाय?”

मी चमकले. छातीनंतर बाह्या. आबांनी कधीच क्रम सोडला नव्हता, मी सोडला तर मला पहिल्यापासून सांगायला लावत. मी मुकाट्यानं पाय बघितले. “गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळल्यात. बूट आहेत.”

“बरं,” आबा म्हणाले. “कोट खरा आहे. भरती झाला होता हे तर गावाला ठाऊकच आहे. पुढं…”

“बाह्या ऱ्हायल्या, सुभेदार.” भिकोबा बोलले. “माझ्या बापाचं पाय मोजलंसा, आता ह्याच्या बाह्या मोजा. कोट तर गोदीत जायच्या आदीबी मिळत हुता. मानूस बोटीवर चढला का न्हाई, ते बघा.”

कुणी हसलं नाही. गुरुजींनी टाक दौतीवर धरून ठेवला.

“शालन,” आबा म्हणाले, “बाह्या.”

मी फोटो जवळ घेतला. हात मांडीवर ठेवलेले, दोन्ही मनगटं स्पष्ट. दंडावर काही नव्हतं, साधा शिपाई. उजव्या मनगटाच्या वर एकावर एक तीन बारीक छपरं होती. मी मोजली. पुन्हा मोजली. त्याच वेळी माझं लक्ष मागं गेलं. पडदा होता, त्यावर नदी होती. नदीतल्या होडीला शीड नव्हतं. तो माणूस ज्या खुर्चीवर बसला होता तिचा डावा हात मोडका होता.

ती खुर्ची मी तीन वर्षं मांडीवर घेऊन बसत होते.

चावडीतले आवाज दूर गेल्यासारखे झाले. गेनू शेडगे बसऱ्याला होता. दोन वर्षांहून जास्त होता. आबा होते तिथंच, त्याच खुर्चीजवळ. म्हणजे गोदीतून तो निसटला नव्हता, आणि हे आबांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी ‘तीन’ म्हटलं की पुढच्या क्षणी ही सगळी माणसं आबांकडं वळणार होती. ज्या माणसाच्या शब्दावर गाव दगड कोरत होतं त्याच्याकडं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. समोर विमल माझ्या तोंडाकडं बघत होती.

“दंडावर?”

“काही नाही.”

“उजव्या मनगटावर? त्याच्या उजव्या.”

“काही नाही,” मी म्हणाले.

“मागं काय आहे?”

“पडदा.”

“पडद्यावर?”

“काही नाही. साधा आहे.”

भिकोबांनी मोठा श्वास सोडला. “म्हंजी चढलाच न्हाई.”

सारजाआजीनं वाद घातला नाही. तिनं पन्नास वर्षांत कधीच घातला नव्हता. तिनं खण पुन्हा पसरला आणि फोटो मागायला माझ्यापुढं हात केला. विमलची नजर माझ्यावरून हलली नव्हती. मी फोटो द्यायला गेले, तर आबांनी तो मधेच धरला. त्यांनी चाचपून त्याच्या कडा सरळ केल्या आणि तो डोळ्यांपुढं धरला, दिसत असल्यासारखा.

“पडद्यावर नदी आहे,” आबा म्हणाले. “नदीत होडी. तिला शीड नाही. शीड काढायला रंग पुरला नाही, असं तो फोटोवाला म्हणाला होता. खुर्चीचा एक हात मोडका आहे, म्हणून ह्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवलेत.” मग ते मला शिकवलेल्या क्रमानं पुढं गेले. “डोक्यावर फेटा. सोगा डाव्या खांद्यावर आलाय, तो मीच ओढून नीट केला होता. बटणं सगळी आहेत, गळ्याजवळचं एक माझं आहे, त्याचं तुटलं होतं. उजव्या मनगटावर तीन फिती. आदल्याच आठवड्यात मिळाल्या. म्हणून तर फोटो काढायला गेलो. आधी माझा काढला, मग गेनूचा.”

गुरुजींनी टाक खाली ठेवला.

“पोरीनं बरोबर बघितलं होतं,” आबा म्हणाले. “ती खोटं बोलली ते माझ्यासाठी. ते लिहू नका, गुरुजी.”

सारजाआजी खाली बसली. “कुटं हाय त्यो?” तिनं विचारलं.

मग आबांनी सांगितलं. फार थोडक्यात सांगितलं, कवायतीचा अहवाल द्यावा तसं. शेवटच्या महिन्यातली लढाई होती. पलटण पुढं सरकत होती. गेनूच्या मांडीत गोळी लागली. आबा शेजारीच होते. गेनूनं पाणी मागितलं. आबांची पाण्याची बाटली रिकामी होती. आलोच घेऊन, असं म्हणून ते निघाले, तेवढ्यात वरून मारा सुरू झाला. पाणी मिळालं. पण ते परत तिकडं गेले नाहीत.

“जायला वाट होती,” आबा म्हणाले. “मी गेलो नाही. भ्यालो. सकाळी पलटण पुढं गेली होती. पुरणारी तुकडी मागनं येत होती, ती आली असेल.”

गुरुजींनी हळूच विचारलं की मग सरकारी कागद कसा आला नाही. आबा म्हणाले, भरती होताना गेनूनं गावाचं नाव खोटं सांगितलं होतं, बाप येऊन छावणीतून ओढून नेईल म्हणून. कागद दुसऱ्याच कुठल्या गावाला गेला असेल आणि तिथून परत.

“मी गावात आलो,” ते सारजाआजीकडं तोंड करून म्हणाले, “तू दारात उभी होतीस, कडेवर पोर. मेला म्हणालो असतो, तर तू विचारलं असतंस कसा मेला. तेवढं एक मला सांगता येत नव्हतं. म्हणून पळाला म्हणालो. वाटलं, पळालेल्या माणसाबद्दल कुणी पुढं विचारत नाही.”

“कुनी पानी पाजलं का त्याला?” सारजाआजीनं विचारलं.

“ठाऊक नाही.”

भिकोबा जमिनीवर बोटानं रेघा मारत होते. बायकांतली एक म्हातारी उठून सारजाआजीजवळ गेली, पाठीवर हात ठेवला आणि कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. हात आजीच्या कपाळाकडं गेला, तेव्हा ती काय म्हणाली असेल ते सगळ्यांना कळलं. सारजाआजीनं तो हात बाजूला केला.

“पळपुट्याचं म्हनून हसलासा, तवा पुसलं न्हाई,” ती म्हणाली. “आता शिपायाचं हाय, आनि आता पुसू?”

आबा काठी टेकून उभे राहिले. त्यांनी गुरुजींना सांगितलं, गेनू शेडगे, मराठा पलटण, शिपाई, बसरा आणि पुढं, असं लिहा. आणि केरबा भोईटे हे नाव काढून टाका.

गुरुजींनी टाक उचलला आणि सारजाआजीकडं बघितलं. का बघितलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या क्षणी चावडीत विचारायचं ते तिलाच विचारायचं, एवढं सगळ्यांना समजलं होतं.

“काढू नगा,” ती म्हणाली. तिनं फोटो खणात गुंडाळला, गाठ मारली, आणि पहिल्यांदाच आबांना सुभेदार म्हटलं नाही. “ह्याचं नाव त्याच्या शेजारी लिवा. केरबा, एकदा टाकून आलास. आता तितंच उभा ऱ्हा.”

ती विमलचा हात धरून पायऱ्या उतरली. विमलनं एकदाच मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. ते जमायला मला पुढं पुष्कळ दिवस लागले, आणि आधी बोलली ती विमल, मी नाही.

घरी येताना आबांचा हात माझ्या खांद्यावर होता, पण ओझं पडत नव्हतं. गावातून आम्ही जात होतो आणि ओट्यांवरची माणसं उठून उभी राहत नव्हती. रोज राहायची. आबांना ते दिसत नव्हतं, पण कळत होतं. ओढ्याजवळ आल्यावर ते म्हणाले, “दोनदा खोटं बोललीस.”

“हो.”

“मी सांगितलं होतं का?”

मी आठवून बघितलं. “नाही.”

“मग?”

“भ्याले.”

आबा थोडं चालले. “मला वाटलं होतं, तू तसंच म्हणावंस,” ते म्हणाले. “मनात तेच होतं. आणि तू म्हणालीस. तुझ्या तोंडून ऐकलं, तेव्हा कळलं ते कसं ऐकू येतं.”

घरी पोचल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो काढायला लावला. मी तो मांडीवर घेतला. मला वाटलं, फेट्यापासून सुरुवात करायची. पण त्यांनी विचारलं ते दुसरंच.

“कडेला काय आहे?”

“बुटाचं टोक.”

“त्याच्यावर काय दिसतं?”

तीन वर्षांत मी एवढं बारकाईनं कधी बघितलं नव्हतं, कारण मला पुढं चल असं सांगितलं होतं. बुटावर घोट्यापाशी पट्टी गुंडाळलेली होती. फोटोवाले पट्ट्या गुंडाळत नाहीत.

“पट्टी आहे,” मी म्हणाले. “सैनिकाचा बूट आहे. कुणीतरी फोटोबाहेर उभं आहे. आपला नंबर यायची वाट बघत.”

“कुणी?”

“गेनू शेडगे.”

“मागं लिहून ठेव,” आबा म्हणाले. “शाईनं.”

मी दौत आणली, फोटो उलटा केला आणि लिहिलं. अक्षर नीट आलं नाही. आबा शेजारी बसून टाकाचा आवाज ऐकत होते. लिहून झाल्यावर त्यांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा.